विसरायला होतंय? कधीपासून, ते आधी आठवा

केळीच्या बागेत पानं पिवळी पडू लागली, तर रावेर तालुक्यातला कुठलाही शेतकरी 'झाड थकलं असेल' म्हणून गप्प बसत नाही. पाणी जास्त झालं का, मुळांना काही लागलं का, करपा आहे की सीएमव्ही विषाणू, हे तो एकेक करून पाहतो. घरातल्या माणसाच्या डोक्याबाबत मात्र एवढी चौकशी होत नाही. साठीतला माणूस विसरू लागला की 'वय झालं', चाळिशीतली बाई विसरू लागली की 'टेन्शन आहे', आणि कॉलेजातला मुलगा विसरू लागला की 'मोबाइल'. ही उत्तरं कधीकधी खरी असतातही. पण ती तपासण्याआधीच देऊन टाकल्यामुळे, झोपेनं, इंजेक्शननं किंवा एखादी गोळी बंद केल्यानं बरा झाला असता असा माणूस वर्षानुवर्षं तसाच राहतो.

विसरणं, डोकं जड वाटणं, 'काही सुधरतच नाही' असं होणं ही लक्षणं आहेत. हल्ली यालाच ब्रेन फॉग म्हणतात. त्यामागची कारणं डझनावारी असली, तरी एका प्रश्नानं ती बरीच वेगळी होतात: हे किती वेगानं आलं? काही तासांत, काही आठवड्यांत, की काही वर्षांत? काय विसरलं यापेक्षा हा वेग आधी सांगा. पुढचा लेख त्याच क्रमानं आहे.

तासांत किंवा एक-दोन दिवसांत आलं असेल तर

काल धडधाकट असलेला माणूस आज असंबद्ध बोलतोय, घरच्यांना ओळखत नाही, मध्येच झोपाळतो आणि मध्येच चिडतो. हे विस्मरण समजू नका. ही तातडीची वेळ आहे. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत चार गोष्टी बघा.

पहिली, साखर. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याचं जेवण चुकलं की साखर उतरते. एकादशी, नवरात्र, चातुर्मासातले उपवास, रमजानचे रोजे या दिवसांत हे जास्त घडतं. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्यांनी साखर वेळीअवेळी घसरू शकते. घाम, थरथर, मग गोंधळ असा क्रम असतो. साखर ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. यंत्र नसेल तर मोजण्यासाठी थांबू नका, साखर द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतायचं नाही. उपवास करायचाच असेल तर गोळ्यांचं प्रमाण आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

दुसरी, ऊन. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांच्या पुढे जातो. कापणीला, गाडी भरायला किंवा ठिबकच्या नळ्या बघायला गेलेला माणूस तापलेल्या अंगानं बरळू लागला, तर तो उष्माघात आहे. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला. दवाखान्याची वाट धरण्याआधी अंग थंड करायला सुरुवात झालीच पाहिजे. म्हाताऱ्यांना उष्माघातासाठी शेतात जावं लागत नाही. पत्र्याच्या खोलीत बसूनही तो होतो. लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तातलं सोडियम घटू शकतं, आणि त्यानंही माणूस भ्रमतो.

तिसरी, लकवा. तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडतोय, शब्द अडखळतायत, यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तेही सीटी स्कॅन केल्यावर. रावेर-सावदा भागातल्या घरांनी एक गोष्ट आजच ठरवून ठेवावी: अशा वेळी बऱ्हाणपूर, भुसावळ की जळगाव? कुठल्या दवाखान्यात रात्री स्कॅन चालू असतो आणि हे औषध मिळतं, याची चौकशी संकट नसताना करायची असते.

चौथी, ताप आणि लघवी. वयस्कर माणसाच्या लघवीत किंवा छातीत जंतुसंसर्ग झाला तर कधीकधी ताप फारसा येत नाही; पहिलं लक्षण गोंधळ हेच असतं. संध्याकाळनंतर तो वाढतो. 'सासूबाईंना वेड लागलं' असं म्हणण्याआधी लघवीची तपासणी करा. संसर्ग बरा झाला की गोंधळही बहुतेक वेळा ओसरतो, मात्र त्याला काही दिवस किंवा आठवडे लागतात.

आठवडे-महिन्यांत आलं असेल तर

बरं होण्यासारखं जे काही असतं, त्यातलं बरंचसं याच गटात सापडतं. म्हणून इथं थोडं थांबू.

*झोप.* शेतीपंपांना महावितरणची थ्री फेज वीज गेली कित्येक वर्षं साधारणपणे दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास अशी आळीपाळीनं मिळत आली आहे. दिवसा विजेसाठी २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना सुरू आहे, पण ज्यांच्या फीडरवर अजून रात्रीचीच पाळी आहे, त्यांनी स्वतःच्या डोक्याचा हिशेब नीट मांडावा. दिवसभरात पाहिलेलं-ऐकलेलं मेंदूत पक्कं बसतं ते गाढ झोपेत. रात्री मोटर चालू करायला उठायचं, पहाटे वाल्व्ह फिरवायचे आणि आठला बागेत हजर व्हायचं, असं आठवडाभर झालं की मजुराला कालच पैसे दिले की नाहीत हे आठवत नाही. यात आश्चर्य काही नाही. कारखान्यातल्या रात्रपाळीच्या माणसाला निदान दिवसा झोपायची मुभा असते. शेतकऱ्याला तीही नाही.

उपाय अर्धवट आहेत, तरी आहेत. भावाभावांत किंवा शेजारच्या बांधावरच्याशी रात्री वाटून घ्या. मोबाइलवरून चालणारा स्टार्टर आणि ठिबकचे स्वयंचलित वाल्व्ह हा खर्च मेंदूसाठीही आहे असं समजा. रात्र जागल्यावर दिवसा अंधाऱ्या खोलीत सलग चार-पाच तास झोपा आणि त्या दिवशी फवारणी, पैशांचे व्यवहार, लांबचं मोटारसायकल चालवणं टाळा. माणूस पुरेसा वेळ झोपूनही सकाळी थकलेला असेल, मोठ्यानं घोरत असेल आणि घोरता घोरता श्वास थांबत असेल, तर तो स्लीप ॲप्निया असू शकतो. ही गोष्ट झोपणाऱ्याला कळत नाही. ती शेजारी झोपणाऱ्यानं सांगावी लागते.

*बी-१२.* पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडी, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन गटांतल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ६७ टक्के पुरुषांत बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होतं. म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर असणं हे बी-१२ पुरेसं असण्याचं लक्षण नाही. भाजीपाला, डाळी, फळं यांत ते नसतंच, केळीतही नाही. ते मिळतं दूध-दही, अंडी, मासे आणि मांसातून. माळकरी घरात दूध डेअरीला जात असेल आणि पोटात फक्त चहापुरतं येत असेल, तर कमतरता यायला वेळ लागतो, पण ती येते. यकृतात साठा असल्यामुळे ती काही वर्षांनी उमटते, म्हणून कुणाला खाण्याशी तिचा संबंध लागत नाही. तळपायांना मुंग्या, अंधारात तोल जाणं, जीभ लाल होऊन झोंबणं आणि विसरणं, ही तिची खूण. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीसाठी रोज पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना धोका अधिक.

इथं दोन चुका हमखास होतात. अशक्तपणा म्हणून आधी बी-१२ चं लाल इंजेक्शन टोचून घ्यायचं आणि मग रक्त तपासायचं. मग रिपोर्ट नॉर्मल येतो आणि खरं कारण झाकलं जातं. रक्त आधी द्या, सुई नंतर. दुसरी चूक म्हणजे नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहणं. त्यानं रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण बी-१२ अभावी नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं.

*रक्त आणि थायरॉइड.* राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईचं लक्ष लागत नाही, दुपारनंतर डोकं चालेनासं होतं, आणि घरातले तिला वेंधळी ठरवतात. पाळीत जास्त रक्त जात असेल तर तेही सांगा. लाजून उपयोग नाही. पाल आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी पाड्यांवर रक्तक्षयासोबत सिकलसेलची तपासणीही करून घ्यावी. त्यासाठीचं राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ पासून सुरू आहे. वर्गात सतत मागं पडणाऱ्या, वरचेवर अंग दुखणाऱ्या मुलाला ही तपासणी विशेष गरजेची. वजन वाढतंय, थंडी जास्त वाजते, केस गळतात, बद्धकोष्ठ आहे आणि विसरायला होतंय, असं एकत्र असेल तर टीएसएच ही थायरॉइडची तपासणी करा. गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत डोकं मोकळं झाल्याचं अनेकजणी सांगतात. पाळी जाण्याच्या वयातही अशी गुंगी येते. रात्रीचा घाम आणि तुटकी झोप हे त्यामागचं एक मोठं कारण आहे.

*औषधं.* घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामाइन, पोटातल्या कळीसाठीचं डायसायक्लोमिन, झोपेसाठी किंवा दुखण्यासाठी दिलेलं अमिट्रिप्टिलिन, ही औषधं मेंदूतल्या ॲसिटिलकोलिन या रसायनाचं काम अडवतात, आणि स्मरणाला नेमकं तेच लागतं. तरुणाला फरक जाणवत नाही, सत्तरीतल्या माणसाला जाणवतो. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्या 'झोप येत नाही' म्हणून सुरू होतात आणि मेडिकलवरून वर्षानुवर्षं येत राहतात. त्या एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू उतरवायच्या.

*फवारणी.* क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, डायमेथोएट यांसारखी ऑर्गनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं त्याच ॲसिटिलकोलिनचा तोल उलट्या बाजूनं बिघडवतात: ते साचत जातं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात पडली. ते टोकाचं चित्र सगळ्यांना आठवतं. त्याआधीच्या पायरीकडे मात्र लक्ष जात नाही: फवारणीच्या संध्याकाळी डोकं दुखणं, मळमळ, धूसर दिसणं, दोन दिवस गुंगीत असल्यासारखं वाटणं. वर्षानुवर्षं फवारणी करणाऱ्यांची लक्ष आणि स्मरणाच्या चाचण्यांतली कामगिरी कमी पडते, असं वेगवेगळ्या देशांतल्या अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

म्हणून फवारणीची वही ठेवा: तारीख, औषध, किती पंप, संध्याकाळी कसं वाटलं. गळका पंप पाठीवर घेऊ नका. वाऱ्याकडे पाठ ठेवा. उपाशीपोटी फवारू नका, आणि हात साबणानं धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका. त्या चिमटीतून औषध थेट तोंडात जातं. कपडे वेगळे धुवा, आणि ते धुणाऱ्या बाईनंही हातमोजे घालावेत. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंची फडफड यातलं काही दिसलं तर बाटलीचं लेबल सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. सतत फवारणीचं काम करणाऱ्यानं हंगामाआधी एकदा कोलिनएस्टरेज ही रक्ततपासणी करून ठेवली, तर नंतरच्या रिपोर्टशी तुलना करता येते.

*दारू.* रोज पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ म्हणजे थायमिन कमी पडतं. त्याची चाल डगमगू लागली, डोळ्यांच्या हालचाली बिघडल्या आणि गोंधळ सुरू झाला, तर थायमिनचं इंजेक्शन तातडीनं लागतं. अशा माणसाला गावात नुसती ग्लुकोजची बाटली लावून घेणं धोक्याचं आहे, कारण उरलंसुरलं थायमिनही त्यात खर्च होऊ शकतं. तो पितो हे डॉक्टरांपासून लपवू नका. रोजची दारू घरी एकदम तोडली तरी दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो. सोडवायची ती वैद्यकीय देखरेखीखाली.

*मन.* मे-जूनच्या वादळानं कापणीला आलेली बाग आडवी झाली, भाव पडला, कर्जाचा हप्ता आला. अशा काळात माणूस विसरतो, कारण त्याचं लक्ष आतल्या हिशेबात अडकलेलं असतं. उदासीनतेच्या आजारात 'मला काहीच आठवत नाही' अशी तक्रार माणूस स्वतः करतो. डिमेन्शियात बरेचदा तक्रार घरचे करतात आणि माणूस म्हणतो, 'मला काही झालेलं नाही.' हा फरक नेहमीच लागू पडतो असं नाही, पण विचारून बघण्यासारखा आहे. पहाटे लवकर जाग येणं, जेवणावरची वासना उडणं, जगण्यात राम न वाटणं हे सोबत असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर माणसाला एकटं सोडू नका, आणि कीटकनाशकं कुलपात ठेवा.

*डोक्याचा मार.* वयस्कर माणूस न्हाणीघरात घसरला किंवा मोटारसायकलवरून पडला, टाके पडले नाहीत, सगळे विसरून गेले. तीन-चार आठवड्यांनी डोकं दुखू लागलं, चाल मंदावली, बोलणं तुटक झालं. कवटीच्या आत हळूहळू साचणारं रक्त असं वागतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत आणि पिणाऱ्यांत ते जास्त आढळतं. सीटी स्कॅननं कळतं आणि अनेकदा छोट्या शस्त्रक्रियेनं सुटतं. म्हणून 'गेल्या दोन महिन्यांत कुठे पडलात का?' हे जरूर विचारा.

कोविडनंतर महिनोन्‌महिने राहणारं मांद्यही खरं आहे, मनाचा खेळ नव्हे. पण 'कोविडपासून असंच आहे' म्हणून वरच्या तपासण्या टाळू नका.

वर्षांत, हळूहळू आलं असेल तर

पाहुण्याचं नाव ऐनवेळी न आठवणं आणि तासाभरानं आठवणं, हे वयाचं. चष्मा कुठं ठेवला ते विसरणं, हेही वयाचं. पण तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा विचारणं, मुकादमाला एकाच आठवड्याचे पैसे दोनदा देणं, आयुष्यभर केलेली पुरणपोळी मधल्याच पायरीवर अडणं, स्वतःच्या शेतातून घरी येताना वाट चुकणं, हे वयाचं नाही. इथं डिमेन्शियाची तपासणी हवी.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत तो जास्त. उलट बाजूनं बघितलं तर साठीपुढच्या शंभरातल्या नव्वदहून अधिकांना तो नाही. म्हणून 'या वयात चालायचंच' हे वाक्य आकड्यांनाही पटत नाही.

अल्झायमर उलटवणारं औषध अजून नाही. काहींना गोळ्यांनी काही काळ मदत होते. तरी करण्यासारखं बरंच उरतं. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञगटानं २०२४ मध्ये १४ बदलता येण्याजोगी कारणं मांडली, आणि ती सांभाळली तर जगातली सुमारे ४५ टक्के प्रकरणं टळू किंवा लांबू शकतील असा अंदाज दिला. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखूचा धूर, दारू, डोक्याचा मार, एकटेपणा ही त्यातली काही. त्यात बहिरेपणा आणि अधू नजरही आहे. आजोबांना ऐकूच गेलं नाही, तर ते 'विसरले' कसे? कान आणि मोतीबिंदू तपासून मगच स्मरणाचा निकाल लावा.

'स्मरणशक्तीवर्धक' चूर्णांपासून जपून राहा. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे एक पंचमांशांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. शिसं तर मेंदूवरच घाला घालतं.

दवाखान्यात जाताना

सुरुवात रावेरच्या ग्रामीण रुग्णालयातून किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून करा. गरज पडली तर पुढे जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सोबत असा माणूस न्या जो रुग्णाबरोबर राहतो. दिवाळीला मुंबईहून येणारा मुलगा पुरेसा नाही. एका कागदावर पाच ओळी लिहा: त्रास कधी सुरू झाला आणि एकदम की हळूहळू, झोप किती, कोणत्या गोळ्या, तंबाखू, दारू, शेवटची फवारणी कधी, दोन-तीन महिन्यांत पडणं, ताप किंवा घरातलं मोठं दुःख.

साधारणपणे हिमोग्लोबिनसह रक्ताची संपूर्ण तपासणी, साखर, टीएसएच, बी-१२, सोडियम, कॅल्शियम, किडनी आणि लिव्हरच्या चाचण्या होतात. स्कॅन प्रत्येकाला लागत नाही. तो कुणाला लागेल हे तपासल्यावर ठरतं. 'डोक्याचा फोटो' काढून समाधान मानायचं आणि शंभर रुपयांच्या गोळीनं जे सुटेल ते कारण तसंच ठेवायचं, हा उलटा व्यवहार करू नका. 'ताकदीचं सलाईन' तर यातल्या कोणत्याच प्रश्नाचं उत्तर देत नाही.

आणि निदान डिमेन्शियाचंच झालं, तर घरातल्यांनी पहिल्या काही महिन्यांत एक काम उरकावं. माणसाला स्वतःचा निर्णय कळतोय तोवरच बँकेचं नामनिर्देशन, सातबाऱ्याची कागदपत्रं, मृत्युपत्र त्याच्या इच्छेनं करून घ्या. फोनवरून ओटीपी मागणाऱ्यांपासून त्याचं खातं वाचवा. खात्याला व्यवहाराची मर्यादा लावून घेता येते. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर अशा अडचणींत मार्गदर्शन मिळतं. आणि रोज 'सांगितलं होतं ना मघाशी!' असं त्याच्यावर ओरडणं थांबवा. त्यानं आठवण परत येत नाही, भीती मात्र वाढते, आणि घाबरलेला माणूस अजून जास्त चुकतो.